हवा गेली की गाडी थांबते

पहाटे पाचला शिरोली नाक्याच्या पुढे हायवेच्या कडेला लावलेले ट्रक एकेक करून जागे व्हायला लागतात. इंजिन सुरू होतं, पण गाडी लगेच हलत नाही. डॅशबोर्डवर लाल दिवा पेटलेला, बझर कर्कश ओरडतोय, आणि ड्रायव्हर निवांत. क्लीनरनं घाई केली तर त्याला एकच उत्तर मिळतं, "हवा बनू दे की जरा." काही मिनिटांनी बझर गप्प होतो. काटे चढत राहतात आणि ८ बारच्या (बार म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) आसपास, काही गाड्यांत त्याहून वर, चेसिसखालून एक दणदणीत 'फुस्स' येतं. एअर ड्रायरनं साठलेलं पाणी बाहेर फेकलं, टाक्या भरल्या. आता हँडब्रेक सुटेल.

कोल्हापुरात 'हवा करणं' ही निराळीच कला आहे, तिला कॉम्प्रेसर लागत नाही. ही हवा मात्र मोजता येते, ऐकता येते आणि तिच्याबद्दलचा एक गैरसमज दर दोन-चार महिन्यांनी पेपरात छापून येतो. घाटात ट्रक उलटला, कारण काय, तर 'ब्रेक फेल'. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं ते फुटलेल्या पाइपचं: हवा निघून गेली, ब्रेक लागेना, गाडी सुटली. मागच्या चाकांना स्प्रिंग ब्रेक असलेल्या आजच्या ट्रकमध्ये गोष्ट बरोबर उलटी आहे. हवा गेली की गाडी थांबते. सुटते ती बहुतेकदा टाकीत भरपूर हवा असताना.

हे पटायला आतली रचना थोडी पाहावी लागते. कारच्या ऑइल ब्रेकमध्ये पायाचाच जोर तेलातून चाकापर्यंत जातो, बूस्टर त्यात भर घालतो. ट्रकमध्ये पाय फक्त एक झडप उघडतो. त्या फूट व्हॉल्व्हमधून टाकीतली हवा प्रत्येक चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये शिरते आणि आतल्या रबरी डायफ्रामला ढकलते. चेंबरला जो नंबर असतो, २४ किंवा ३०, तो डायफ्रामचं चौरस इंचांतलं क्षेत्रफळ. ३० नंबरच्या चेंबरमध्ये ७ बार हवा गेली की जवळपास १,३५० किलोचा रेटा तयार होतो. डायफ्रामपुढचा पुशरॉड हा रेटा स्लॅक अॅडजस्टर नावाच्या वीतभर दांड्याला देतो. दांडा एस आकाराचा कॅम फिरवतो, कॅम ड्रमच्या आतले दोन्ही शू, म्हणजे कमानीसारखे दोन तुकडे, फाकवतो आणि त्यांच्यावरचा लायनर चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासतो. ड्रम बिडाचा. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत वाहनांचे सुटे भाग रोज ओतले जातात, त्यामुळे बीड तापलं की काय होतं हे या गावाला नव्यानं सांगायला नको.

मागच्या चाकांवरचा चेंबर दुहेरी असतो. त्याच्या पाठच्या अर्ध्या भागात एक जाडजूड स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि तिला दाबून धरायचं काम हवा करते. हँडब्रेक लावला म्हणजे तिथली हवा सोडून दिली. स्प्रिंग सुटते, तोच पुशरॉड ढकलते, चाक धरलं जातं. पाइप फुटला, टाकी गळाली, कॉम्प्रेसर बसला, तरी परिणाम तोच: दाब ३-४ बारच्या खाली घसरत गेला की मागची चाकं आपोआप धरायला लागतात. रस्त्याच्या मधोमध 'जाम' होऊन उभा राहिलेला ट्रक आपण शिव्या देत ओलांडतो, तो खरं तर ठरल्याप्रमाणे वागलेला असतो. ही बुद्धी रेल्वेकडून आली. जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८६९ मध्ये आणलेला पहिला हवेचा ब्रेक नळी तुटली की निकामी व्हायचा. १८७२ च्या सुधारणेत त्यानं तर्क उलटा केला: दाब असेल तर ब्रेक सुटलेला, दाब गेला की लागलेला.

मग गाड्या घाटात सुटतात कशा?

दहाचाकी, २८ टनांची भरलेली गाडी घ्या. ती शंभर मीटर उंचीवरून खाली आणायची तर सुमारे साडेसात युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. घाटाचा एकूण उतार ५०० मीटर धरला तर ३८ युनिट. एखाद्या घराची आठ-दहा दिवसांची वीज, आणि ती वीस-पंचवीस मिनिटांत उष्णता बनून बाहेर पडणार. यातला मोठा वाटा इंजिननं रोखून धरला तर ठीक. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर जवळपास सगळा बोजा ड्रमवर येतो. ड्रमचं तापमान तीनशे अंशांनी वाढलं की ४१० मिलिमीटरचा ड्रम व्यासात सव्वा मिलिमीटरनं फुगतो. एवढंसं काय, असं वाटेल. पण शूला प्रत्येक बाजूनं अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचं जास्त अंतर कापायचं, आणि मध्ये कॅम व दांड्याची तरफ, म्हणून पुशरॉडला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त बाहेर यावं लागतं. ३० नंबरच्या साध्या चेंबरचा रॉड एकूण ६४ मिलिमीटर बाहेर येऊ शकतो. घाटमाथ्यावर थंड असतानाच जो ब्रेक ५५ मिलिमीटरवर लागत होता, तो अर्ध्या घाटात रॉड संपल्यामुळे लागतच नाही. त्यात तापलेल्या लायनरची पकडही घटलेली असते. काटा ८ बारवर, पेडल तळाला, आणि गाडी पळतेय.

अशा वेळी हँडब्रेक ओढून काही होत नाही, कारण स्प्रिंगही तोच रॉड ढकलते आणि तो आधीच संपलेला असतो. दोन वेगळे ब्रेक आहेत, एक गेला तर दुसरा आहे, हा धीर इथं खोटा ठरतो. त्यांचा शेवटचा हातभर रस्ता एकच आहे.

कोल्हापूरच्या गाड्यांना हे फारच लागू, कारण इथून कोकणाकडे कुठंही जा, मध्ये सह्याद्री आहे. रत्नागिरीला आंबा घाट, राजापूरला अणुस्कुरा, वैभववाडीला गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा, कणकवलीला फोंडा, सावंतवाडीला आंबोली. खालून जांभ्याचा चिरा वर येतो, वरून साखर, गूळ, भाजी, दूध खाली जातं. म्हणजे गाडी भरलेली आणि रस्ता उतरता, हा योग रोजचा.

ज्या गिअरात गाडी घाट चढते त्याच गिअरात उतरवायची, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम अजून पुरतो, फक्त नव्या ताकदवान इंजिनांना तो थोडा सैल पडतो. ती वरच्या गिअरात चढतात, उतरताना एक गिअर आणखी खाली हवा. गिअर घाटमाथ्यावरच, पहिल्या वळणाआधी पडला पाहिजे. वेग वाढल्यावर खालचा गिअर टाकायला गेलं की वरचा निघतो, खालचा पडत नाही, आणि गाडी नको तिथं न्यूट्रल होते. एक्झॉस्ट ब्रेक सुरू ठेवायचा. तो सायलेन्सरकडे जाणारी वाट झडपेनं आवळतो आणि इंजिनलाच गाडी अडवायला लावतो, पण गिअरमध्ये आणि बऱ्यापैकी आरपीएमवर असतानाच. पायातला ब्रेक घाटभर हलका दाबून ठेवण्यापेक्षा सुरक्षित वेग ठरवावा, समजा ३० किलोमीटर. काटा तिथं आला की दमदार ब्रेक मारून २२ पर्यंत आणावा, पाय पूर्ण काढावा, पुन्हा ३० होऊ द्यावा. हलका दाब चालू ठेवला की थोड्याशा दाबात आधी लागणारी दोन-तीन चाकंच सगळं काम करतात आणि तीच जळतात. दमदार दाबात सगळी चाकं वाटा उचलतात. उगाच भराभर पंपिंग करणं त्याहून वाईट, कारण प्रत्येक दाबाला टाकीतली हवा खर्च होते. आणि डिझेल वाचवायला उतारावर इंजिनच बंद करणारे महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलावं. कॉम्प्रेसर बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, इंजिनचा अडथळाही गेला. लिटरभर डिझेलसाठी.

आता परवान्याकडे येऊ. मोटार वाहन कायदा १९८८ चा. ट्रान्सपोर्ट गाडीसाठी वय २० पूर्ण हवं, आणि हलक्या वाहनाचा परवाना हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं हवं, त्याशिवाय शिकाऊ परवानाही नाही. डॉक्टरचा फॉर्म १-ए आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ लागतो. स्कूलमधलं अवजड वाहनाचं प्रशिक्षण ३० दिवसांचं, त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १५ तास. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रं आणली, तिथं मध्यम व अवजड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढून टाकली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं ट्रान्सपोर्ट परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षांवर गेली, आणि टँकरसारख्या धोकादायक मालासाठी ती १ वरून ३ वर्षांवर. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या, परवान्यावर चालेल, हे कायम केलं. त्या वजनाच्या गाड्यांत ऑइल ब्रेकही सापडतात आणि हवेचेही. म्हणजे कारवर शिकलेला माणूस कायद्यानं थेट हवेच्या ब्रेकवर पाय ठेवू शकतो.

नियमातल्या चाचणीच्या यादीत उतारावर झटकन खालच्या गिअरात येणं आहे, चढावर मागं न घसरता निघणंही आहे. यादी वाईट नाही. पण सपाट मैदानावर घेतलेल्या परीक्षेत उतार आणणार कुठून? आणि आपल्या परवान्यावर हवेच्या ब्रेकची वेगळी नोंद नसते, ही खरी उणीव. अमेरिकेत हवेच्या ब्रेकचा लेखी भाग नापास झाला, किंवा प्रत्यक्ष परीक्षा असा ब्रेक नसलेल्या गाडीवर दिली, तर परवान्यावर 'एल' हे बंधन पडतं. हवा आणि तेल यांच्या मिश्र ब्रेकवर परीक्षा दिली तर 'झेड'. गंमत म्हणजे कॅनडाच्या ओंटारिओत तेच 'झेड' अक्षर उलट्या अर्थानं येतं: या माणसाला हवेचा ब्रेक येतो. अक्षर काहीही असो, तिथं परीक्षकासमोर केबिनमध्ये बसून हवेची तपासणी करून दाखवावी लागते, आणि ती चुकली की पुढं गाडी चालवून दाखवायची वेळच येत नाही.

ती तपासणी आपल्याकडे कुणी विचारत नाही म्हणून करू नये, असं थोडंच आहे. दहा मिनिटांचं काम. गाडी सपाटीवर, चाकांना पुढून-मागून दगड. टाक्या भरू द्यायच्या आणि काटे दोन्ही बघायचे, कारण पुढचं आणि मागचं सर्किट वेगळं असतं आणि एक चढतो, दुसरा रेंगाळतो, हाही एक रोग आहे. 'फुस्स' झालं की इंजिन बंद, चावी चालू, हँडब्रेक सोडलेला. एक मिनिट काट्याकडे बघत बसायचं. ट्रेलर नसलेल्या गाडीत मिनिटाला ०.१४ बारपेक्षा जास्त घट नको, हा अमेरिकी परीक्षेचा आकडा. मग पेडल जोरात दाबून मिनिटभर धरायचं. आता ०.२ बारपर्यंत चालतं. ही दुसरी पायरी बरेच जण गाळतात आणि नेमका फाटका डायफ्राम तिथंच पकडला जातो, कारण पाय दाबल्याशिवाय चेंबरमध्ये हवाच जात नाही. गळती कुठं आहे ते कानानं आणि साबणाच्या पाण्यानं शोधायचं. नंतर पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा उतरवायची. काटा ४ बारच्या खाली जायच्या आत बझर वाजलाच पाहिजे, बऱ्याच गाड्यांत तो ५ च्या आसपासच वाजतो. वायर काढून गप्प केलेले बझर रस्त्यावर कमी नाहीत. आणखी उतरवत गेलं की मागच्या चाकांची स्प्रिंग सुटल्याचा 'खट्' ऐकू येतो. पुन्हा हवा भरायची, हँडब्रेक लावून पहिल्या गिअरात हलका ओढा घेऊन बघायचा, मग चालत्या माणसाच्या वेगानं जाऊन एकदा पायातला ब्रेक. हँडब्रेक लावलेला असताना पेडल दणादण दाबू नये. ज्या गाडीत ते रोखणारी झडप नाही तिथं स्प्रिंगचा आणि हवेचा जोर एकाच रॉडवर पडतो, आणि स्लॅक अॅडजस्टर किंवा कॅम वाकतो.

याहूनही मोलाची तपासणी गाडीखाली आहे, आणि तिला खडूचा तुकडा नि पट्टी एवढंच लागतं. हँडब्रेक सुटलेला, चाकांना दगड, इंजिन बंद. पुशरॉड चेंबरमधून जिथं बाहेर येतो तिथं खडूची रेघ मारायची. वर बसलेल्यानं साडेसहा बारला पेडल दाबून धरायचं. रेघ किती पुढं सरकली ते मोजायचं. ३० नंबरच्या साध्या चेंबरला मर्यादा ५१ मिलिमीटर, २४ नंबरला ४४. लांब स्ट्रोकच्या, म्हणजे रॉड जास्त बाहेर येणाऱ्या, चेंबरची मर्यादा वेगळी, ती गाडीच्या पुस्तकात असते. सगळ्या चाकांवर रेघा सारख्या सरकल्या पाहिजेत. डाव्याची ३५ आणि उजव्याची ५० असेल, तर ओल्या रस्त्यावर गाडी डावीकडे ओढणार हे खडूनंच सांगितलं.

रॉड मर्यादेबाहेर जात असेल तर ब्रेक आवळायचा. हाती फिरवायच्या स्लॅक अॅडजस्टरला बोल्टवरची लॉकची रिंग आत दाबून पाना लावायचा, लायनर ड्रमला टेकेपर्यंत फिरवायचा, मग पाव ते अर्धा फेरा मागं. फिरवताना नजर कॅमवर हवी. ब्रेक लागताना तो ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेला फिरत असेल तर आवळतोय, नाहीतर आपण मन लावून ब्रेक सैल करतोय. हँडब्रेक लावलेला ठेवून हे काम करणारे गॅरेजवाले आहेत. त्यांनी केलेलं सेटिंग स्प्रिंग सुटल्यावर कुठं जातं ते देव जाणे. नव्या गाड्यांत ऑटो स्लॅक असतो, तो आपला आपण आवळत जातो. त्याचा रॉड मर्यादेबाहेर जात असेल तर पाना लावून तो परत आणणं म्हणजे तापाला ओली पट्टी. दोष रॉड आणि स्लॅक जोडणाऱ्या क्लेव्हिस पिनमध्ये, कॅमच्या बुशात, संपलेल्या लायनरमध्ये किंवा खुद्द स्लॅकमध्ये असतो आणि चार दिवसांनी तो पुन्हा तिथंच दिसतो.

पावसाळ्याचं वेगळं. हवा दाबली की तिच्यातला ओलावा पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसतो, आणि जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस ज्या गगनबावड्यात पडतो तिथून ये-जा करणाऱ्या गाडीला तो भरपूर मिळतो. टाकीखालची कडी ओढून रोज पाणी सोडावं. एअर ड्रायर आहे म्हणून सोडायचं नाही, हा आळस. उलट ड्रायर असूनही पाणी निघत असेल तर त्याचं कार्ट्रिज संपलं. नुसतं पाणी न येता ताकासारखा पांढरट चिकटा आला तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय, त्याच्या रिंगा बघायला हव्यात. ते तेल पुढं व्हॉल्व्हच्या रबरांना फुगवतं, मग ब्रेक लागतो पण सुटायला वेळ घेतो.

आणि एक गोष्ट गाडीवर काम करणाऱ्यांसाठी, यात थट्टा नाही. स्प्रिंग ब्रेकच्या चेंबरचा पट्टा कधीही हातोडी-छिन्नी घेऊन उघडू नये. आतल्या स्प्रिंगमध्ये टनाच्या आसपासचा जोर कोंडलेला असतो आणि ती सुटली तर समोरच्या माणसाला वाचवणारं काही नसतं. हवा नसताना गाडी ओढायची असेल तर चाकांना दगड लावून, चेंबरच्या पाठीमागच्या भोकात टी-बोल्ट घालून, पाव फेरा फिरवून अडकवायचा आणि नट आवळत स्प्रिंग बांधून घ्यायची. बोल्ट बहुतेक वेळा चेंबरच्या बाजूलाच खाचेत लावलेला असतो. पत्रा सडलेला चेंबर मात्र बांधायच्याही फंदात पडू नये, तो तसाच जाणत्याकडे द्यावा.

घाट उतरून खाली सपाटी लागली की गाडी बाजूला घ्यावी आणि चाकांभोवती एक फेरी मारावी. हात लावायचा नाही, तळव्याची पाठ हबजवळ वीतभर अंतरावर धरायची. सगळीकडून सारखी धग आली तर उत्तम. एखादं चाक वासच मारत असेल तर त्यानं इतरांचं काम केलंय. आणि एखादं गारच असेल तर घाटभर ते नुसतं फिरत आलं, त्याचा रॉड संध्याकाळी खडूनं बघावा. तापलेल्या ड्रमवर बादली ओतू नये, बीड तडकतं. तिथं हँडब्रेकही ओढू नये, कारण ड्रम थंड होताना आवळतो आणि आतल्या शूंवर घट्ट बसतो. पहिला गिअर टाकावा, चाकाला दगड लावावा आणि चहा घ्यावा. ड्रम निवायला तेवढा वेळ लागतोच.